घरी बांधलेलं विमान: भीती नेमकी कशाची बाळगायची?

अमेरिकेत आजघडीला ३०,००० हून अधिक नोंदणीकृत विमानं अशी आहेत, जी कुठल्याही कारखान्यातून बाहेर पडलेली नाहीत. कुणी ती गॅरेजमध्ये बांधली, कुणी शेतावरच्या कोठारात, कुणी छोट्या धावपट्टीलगतच्या हँगरमध्ये. बांधणाऱ्यांत सुतार आहेत, दंतवैद्य आहेत, शाळेतले शिक्षक आहेत. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत अशा हौशी लोकांची एक संघटना सुरू केली. ती ‘ईएए’ या नावाने ओळखली जाते आणि दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी तिचा मोठा मेळा भरतो. तिथे घरी बांधलेली विमानं ओळीने लागलेली असतात आणि ती बांधणारी माणसं शेजारी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शंकांना उत्तरं देत असतात.

आपल्याकडे हा विषय निघाला की बहुतेक जण एक तर ‘असं कुठे शक्य असतं का’ म्हणतात, नाही तर ‘ही मरायची हौस’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. विमान घरी बांधता येतं आणि बऱ्याच देशांत ते पूर्णपणे कायदेशीर आहे. धोका आहेच, पण लोकांना वाटतो तिथे तो नाही.

‘हे शास्त्रज्ञांचं काम’

स्वतःच्या कल्पनेतून नवं विमान रचणं आणि किटमधून, म्हणजे कंपनीने पाठवलेल्या सुट्या भागांतून, विमान बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात गृहनिर्मित विमान म्हटलं की अमोल यादव यांचं नाव आठवतं, आणि ते योग्यच आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लाखो लोकांनी ते पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला ‘व्हीटी-एनएमडी’ हा नोंदणी क्रमांक मिळाला, चाचणी उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. पण ते किट नव्हतं. आराखडा त्यांचा स्वतःचा होता, म्हणून पंखाची ताकद किती, शेपटीचा आकार केवढा, हे सगळं त्यांनाच ठरवावं लागलं. त्या जिद्दीला तोड नाही. मात्र किटचं विमान बांधायला निघालेल्या माणसाला या वाटेने जावं लागत नाही.

किटमध्ये रचनेचं काम आधीच झालेलं असतं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ सुरू केली. तिची ‘आरव्ही’ मालिकेतली ११,००० हून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. एखाद्या रचनेची इतकी विमानं इतकी वर्षं उडतात, तेव्हा तिचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक झालेले असतात. किट टप्प्याटप्प्याने येतं: आधी शेपूट, मग पंख, मग धड, शेवटी काच, चाकं आणि इंजिनाभोवतीचं आवरण. शेपूट आधी देण्यामागे चांगला विचार आहे. ती लहान असते, तिच्यावर हात बसतो, आणि हे काम आपल्याला झेपणारं नाही असं वाटलं तर मोठी रक्कम अडकायच्या आत थांबता येतं.

‘सगळं जोडून मिळतं, आपण फक्त नट आवळायचे’

हा गैरसमज नेमका उलट टोकाचा. अमेरिकी नियमांत अशा विमानासाठी मुख्य अट अशी आहे की, त्याच्या बांधणीचा मोठा भाग स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी काम करणाऱ्यांनी केलेला असावा. यालाच बोलीत ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. हे ५१ टक्के पैशांत, वजनात किंवा तासांत मोजत नाहीत. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाकडे, म्हणजे एफएएकडे, कामांची एक तपशीलवार यादी असते आणि त्या यादीतली निम्म्याहून अधिक कामं हौशी हातांनी झालेली लागतात. इंजिन, पंखा, चाकं, उपकरणं घरी बनवावीत अशी कुणाचीच अपेक्षा नसते. रंगकाम, गाद्या किंवा वायरिंग बाहेरून करून घेतलं तरी चालतं. पण पैसे मोजून संपूर्ण विमान दुसऱ्याकडून बांधून घेतलं आणि कागदावर ‘मी बांधलं’ लिहिलं, तर तो सरळ गुन्हा ठरतो. म्हणून जाणते लोक पहिल्या दिवसापासून वही ठेवतात आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढतात. त्या फोटोंत आपले स्वतःचे हात दिसावेत याचीही काळजी घेतात.

काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते पत्रे जोडणाऱ्या एका रिवेटवरून कळेल. धातूच्या दोन आसनी विमानात असे रिवेट हजारोंनी लागतात. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला भोक असतं, त्याच्या कडेवरचा खरखरीत कंगोरा (बर) काढून ती कड बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासायची, कारण अशा बारीक ओरखड्यापासूनच पुढे तडा जायला सुरुवात होते. मग रिवेट घालायचा. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी रिवेट गन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवतो. दोन-तीन सेकंदांचा खडखडाट, आणि रिवेटची आतली बाजू चपटी होते. ३.२ मिलिमीटर जाडीच्या रिवेटचं आतलं डोकं साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच व्हायला हवं. ते मापायची छोटी पट्टी मिळते. डोकं वाकडं झालं, कमी दबलं किंवा जास्त दबलं, तर रिवेट ड्रिलने काढून दुसरा घालायचा. हे काम ताकदीचं नाही आणि बुद्धिमत्तेचंही फारसं नाही. ‘चालेल’ हा शब्द विसरणाऱ्या माणसाचं ते काम आहे. फिटरचं काम शिकलेल्या मराठी माणसाला ते आठवड्याभरात जमेल, असं मला मनापासून वाटतं.

किट नावाजलेल्या कंपनीचं आहे म्हणून डोळे मिटून घ्यावेत असंही नाही. २०२३ मध्ये व्हॅन्सच्या लेझरने कापलेल्या काही भागांच्या भोकांत बारीक दोष आढळले आणि पुढची प्रक्रिया करताना तिथे तडे जाऊ लागले. बांधणाऱ्यांनीच हे निदर्शनास आणलं. भाग बदलून देण्याच्या खर्चासह इतर आर्थिक अडचणींमुळे त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपनीला दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात जावं लागलं. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. खोक्यातून आलेला प्रत्येक भाग हातात घेऊन तपासणं हेही बांधणाऱ्याचंच काम असतं.

‘घरी बांधलेलं विमान हवेत तुटतं’

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते या समजुतीबद्दल. ती अर्धी खरी वाटते, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे काळजी चुकीच्या जागी खर्च होते.

धोका जास्त आहे, हे आधी मान्य करू. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान खाजगी विमानांच्या ताफ्यात या विमानांचा वाटा सुमारे १० टक्के. पण २०११ मधल्या एकूण अपघातांत तो सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत सुमारे २१ टक्के होता. हे आकडे लपवून कुणी हौसेची जाहिरात करत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावं.

मात्र त्याच अभ्यासात कारणंही दिली आहेत. पंख निखळणं, रिवेट सुटणं ही प्रमुख कारणं नव्हेत. इंजिन किंवा इंधनव्यवस्था बंद पडणं आणि उड्डाणात ताबा सुटणं, ही दोन कारणं बाकी सगळ्यांच्या खूप पुढे आहेत. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. २०११ मध्ये तपासलेल्या अपघातांतली निम्म्याहून अधिक विमानं बांधणाऱ्याच्या हातात नव्हतीच, ती दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. शिवाय बरेच अपघात पहिल्याच उड्डाणात झाले होते: कधी विमानाच्या आयुष्यातल्या पहिल्या, कधी नव्या मालकाच्या पहिल्या.

गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे खाडीत त्यांचं ‘लाँग-ईझी’ विमान कोसळलं. बर्ट रूटन यांच्या आराखड्यावरून कुणी तरी घरी बांधलेलं हे विमान डेन्व्हर यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. ‘घरगुती विमान, तुटलं असणार’ असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. तपासात निघालं ते वेगळंच. एका टाकीतून दुसऱ्या टाकीकडे इंधन वळवण्याची मूठ आराखड्यात वैमानिकाच्या हाताशी होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली, आणि तिच्यावर कुठलीही खूण नव्हती. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या नळ्यांवरही खुणा नव्हत्या आणि बसल्या जागेवरून त्या दिसत नव्हत्या, म्हणून उड्डाणाआधी एका तंत्रज्ञाने डेन्व्हर यांना हातातला छोटा आरसा दिला होता. इंधन भरून देण्याची तयारीही दाखवली होती, ती त्यांनी नको म्हटली. हवेत इंधन कमी पडलं. मागे वळून मूठ फिरवताना पायाखालचं पॅडल दाबलं गेलं आणि ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता. डेन्व्हर यांना २,७०० तासांहून अधिक उड्डाणांचा अनुभव होता, पण या जातीच्या विमानाचा जवळजवळ नव्हता. विमान तुटलं नव्हतं. ते अखेरच्या क्षणापर्यंत धड होतं.

बांधणाऱ्याने सावध राहायचं ते इथे. रिवेट वाकडा गेला तर तो दिसतो. इंधनाच्या नळीत अडकलेला सीलंटचा तुकडा दिसत नाही. म्हणून पंखातली टाकी बांधून झाली की तिच्यात हलकीशी हवा भरतात, तोंडाला फुगा बांधतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतात. इंजिन बसल्यावर विमानाचं नाक चढाईच्या कोनात उंच करून नळी सोडतात आणि किती मिनिटांत किती इंधन वाहतं ते डब्यात मोजतात. पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेत हा प्रवाह इंजिनाच्या पूर्ण ताकदीच्या गरजेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवा, नुसत्या उतारावर चालणाऱ्या व्यवस्थेत ५० टक्के जास्त. एका दुपारची ही चाचणी टाळणाऱ्याने वर्षभर घासलेल्या पत्र्याचा काही उपयोग नाही.

इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं खाली येत नाही, हेही सांगायला हवं. बहुतेक लहान विमानं जेवढी उंची असेल त्याच्या आठ-दहा पट अंतर तरंगत जाऊ शकतात. वैमानिकाने वेग सोडू नये आणि उतरायची जागा लवकर निवडावी, एवढीच अट असते. हे सरावाने येतं, आणि तो सराव त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात, अनुभवी प्रशिक्षकाबरोबर आधी करायचा असतो.

‘कुणी तपासत नाही’

तपासतात. अमेरिकेत पहिल्या उड्डाणाआधी निरीक्षक विमान आणि कागदपत्रं पाहतो. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजन आणि गुरुत्वमध्य काढलेला असावा लागतो. परवाना मिळाल्यावरही सहसा पहिले २५ किंवा ४० तास विरळ वस्तीच्या ठरावीक भागातच उडायचं आणि प्रवासी न्यायचे नाहीत. पुढे दर वर्षी तपासणी असते. बांधणाऱ्याला त्या एका विमानाची तपासणी करण्याचा दाखला मिळू शकतो. दारापाशी ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द ठळक लिहिणं बंधनकारक आहे आणि आत प्रवाशांसाठी इशाऱ्याची पाटीही. अशी विमानं भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरता येत नाहीत. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक बांधणी चालू असतानाच टप्प्याटप्प्याने येऊन सह्या करतात. मला ही पद्धत जास्त पसंत आहे, कारण पंख बंद झाल्यावर आतलं काही पाहता येत नाही. मूळच्या केरळच्या एका अभियंत्याने इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये लॉकडाउनच्या काळात ‘स्लिंग टीएसआय’ हे चार आसनी विमान याच व्यवस्थेखाली बांधलं आणि मग कुटुंबाला घेऊन युरोपात फिरला.

वेळ आणि पैसा

‘स्वस्तात विमान’ हा भ्रम मात्र सोडावा. किटची किंमत एकूण खर्चाचा साधारण एक तृतीयांश भागच असते. इंजिन, पंखा आणि कॉकपिटमधली उपकरणं बाकीचा खर्च करून घेतात. नवं इंजिन घालून धातूचं दोन आसनी विमान आज पूर्ण केलं, तर खर्च एक लाख डॉलरच्या पुढेच जातो. वेळ साधारण दीड ते दोन हजार तास. आठवड्याला दहा तास दिले तरी तीन-चार वर्षं. बांधायला परवाना लागत नाही, उडवायला मात्र लागतोच, आणि त्याचा खर्च वेगळा. अनेक किट अर्धवट राहतात. घरातल्यांनी पहिल्या दिवशी मनापासून होकार दिलेला नसेल, तर ती हमखास राहतात.

भारतात हा छंद अजून रुजलेला नाही, आणि परवानगीला किती काळ लागू शकतो ते यादवांच्या तारखांवरून दिसतंच. पण अमेरिकेत, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना ही वाट आज मोकळी आहे. तुमच्या गावाजवळ ईएएची शाखा असेल तर तिच्या पुढच्या बैठकीला जा. तिथले तांत्रिक सल्लागार स्वयंसेवक असतात, घरी येऊन काम पाहतात आणि फी घेत नाहीत. मुलं ८ ते १७ वर्षांची असतील तर १९९२ पासून चालू असलेल्या ‘यंग ईगल्स’ उपक्रमात त्यांना लहान विमानातून मोफत फेरी मिळते. आणि किट मागवायचं ठरलंच, तर पहिला खोका येण्याआधी ज्याचं विमान उडतं आहे अशा बांधणाऱ्याला गाठा आणि त्याच्याकडून आधी त्याची इंधनव्यवस्था समजून घ्या. रंग आणि काच नंतर बघा.