कासवांचा किनारा

देवळात गेलं की गाभाऱ्यासमोर दगडी कासव दिसतं. विहिरीतलं, तळ्यातलं कासवही आपण पाहिलेलं असतं. पण समुद्रातलं कासव निराळं. ते फार मोठं असतं. त्याचे पाय वल्ह्यांसारखे चपटे असतात. सारा जन्म ते पाण्यात काढतं. पण अंडी घालायला मादीला जमिनीवर यावंच लागतं. अंड्यातल्या पिल्लालाही हवा लागते. अंडी पाण्यात राहिली तर पिल्लं गुदमरून मरतील.

युरोपात ग्रीस नावाचा देश आहे. त्या देशात झाकिन्थोस नावाचं बेट आहे. बेटाच्या दक्षिणेला लागानासचं आखात आहे. तिथं वाळूच्या सहा पुळणी आहेत. सगळ्या मिळून त्या सहा किलोमीटरही भरत नाहीत. पण दर उन्हाळ्यात शेकडो कासवं तिथं येतात. या जातीचं डोकं मोठं असतं. तिला लॉगरहेड म्हणतात.

मादी रात्री येते. मागच्या पायांनी ती वाळूत हातभर खोल खड्डा करते. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. वर वाळू ओढते आणि समुद्रात परत जाते. कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते, असं आपल्याकडं म्हणतात. पण ही आई पिल्लांचं तोंडही पाहत नाही. वाळूच्या उबेनं अंडी पिकतात. सुमारे दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. तीही बहुधा रात्रीच.

आता अंधारात पिल्लांना समुद्र कसा सापडतो? रात्री जमिनीपेक्षा पाणी जरा उजळ दिसतं. पिल्लं त्या उजेडाकडं धावतात. त्यांना एवढंच कळतं.

इथंच घोटाळा झाला. बेटावरचे लोक पूर्वी मुख्यतः शेतीवर जगत. ते द्राक्षं वाळवून बेदाणे करीत. ऑलिव्हच्या फळांचं तेल काढीत. १९५३ साली मोठा भूकंप झाला. गावंच्या गावं पडली. लोकांनी ती पुन्हा उभारली. १९७० नंतर परदेशचे पाहुणे येऊ लागले. हॉटेलं उठली, दुकानं आली. घरात पैसा आला. पण किनाऱ्यावर दिव्यांचा लखलखाट झाला.

मग काय झालं? माणसांची गडबड पाहून माद्या अंडी न घालताच परत फिरू लागल्या. पाहुण्यांनी वाळूत छत्री रोवली की तिचा दांडा अंड्यांत घुसे. पिल्लं समुद्र सोडून दिव्यांकडं धावत. सकाळी ऊन तापलं की ती सुकून मरत.

कासवांसाठी काम करणाऱ्या लोकांनी हाकाटी केली. पण किनाऱ्यालगत ज्यांची जमीन होती, ते चिडले. बांधकामाला बंदी आली होती. शेजारी हॉटेल बांधून श्रीमंत झाला, आणि आपण आपल्याच जमिनीवर खोली बांधायची नाही? त्यांचा राग खोटा नव्हता. नुकसानभरपाईचा वाद पुष्कळ वर्षं चालला.

सेकानिया नावाच्या पुळणीवर सर्वांत जास्त घरटी असतात. १९९४ साली तिच्यामागची जमीन एका निसर्गसंस्थेनं विकत घेतली. तिथं पाहुण्यांना मज्जाव आहे. १९९९ साली सरकारनं सारं आखात राखीव केलं.

पण नुसत्या कायद्यानं भागत नाही. २००२ साली युरोपच्या न्यायालयानं ग्रीस सरकारला दोष दिला. वाळूवर फटफट्या फिरत होत्या. कासवांच्या पाण्यात होड्या येत होत्या. बेकायदा घरं उभी होती. कायदा कागदावर होता, किनाऱ्यावर नव्हता.

आज तिथले नियम साधे आहेत. सूर्य मावळला की पुळणी रिकाम्या करायच्या. वाळूवर गाडी न्यायची नाही. छत्री पाण्याजवळच्या ओल्या वाळूतच रोवायची, कारण घरटी मागच्या कोरड्या वाळूत असतात. रात्री खुर्च्या उचलून ठेवायच्या. मुलांनी वाळूत खड्डे केले असतील तर ते बुजवायचे. कासवांच्या पाण्यात बोट हळू चालवायची, काही भागात न्यायचीच नाही. स्वयंसेवक पहाटे फिरून घरटी शोधतात. घरट्यावर जाळी ठेवतात. दिवा जवळ असेल तर चटईचा आडोसा करतात.

यात कोणाचं हॉटेल बंद पडत नाही. दिवा विझवायचाच असं नाही. त्यावर झाकण घालावं, त्याचं तोंड जमिनीकडं करावं, म्हणजे पुष्कळ काम होतं. शिवाय कित्येक पाहुणे कासवं पाहायलाच येतात. कासवं गेली तर तेही घटतील.

हजार पिल्लांतलं एखादंच वाचून मोठं होतं. त्याला अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला वीसएक वर्षं लागतात. मग ती मादी बहुधा आपल्या जन्माच्याच भागात परत येते. आज जो दिवा झाकेल, त्याला त्याचं फळ वीस वर्षांनी दिसेल. आंब्याची कोय लावणारा म्हाताराही हेच करतो. तेव्हा दिवसा किनारा माणसांनी वापरावा आणि रात्री तो कासवांना द्यावा.