कम्प्युटरची पदवी असेल तर अर्ज करू नये

लंडन : ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत कम्प्युटर सायन्सचं एक एमएस्सी असं आहे, की ज्याच्याकडे कम्प्युटरची पदवी आहे त्याला तिथे सहसा घेतच नाहीत. ‘कन्व्हर्जन मास्टर्स’ म्हणतात त्याला. पदवी इतिहासाची, संगीताची किंवा कायद्याची असली तरी चालते. एका वर्षात १८० क्रेडिट्स पुरे करून प्रोग्रॅमिंगकडे वळायचं. ब्रिस्टल आणि बर्मिंगहॅममध्ये असे अभ्यासक्रम आहेत. ग्लासगोत तो ‘सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट’ या नावाने चालतो. नावापुढे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ लागलेलं एमएस्सी मात्र वेगळं, ते कम्प्युटरवाल्यांसाठी. अर्ज भरताना इथे हमखास गफलत होते.

यातल्या बऱ्याच ठिकाणी गणिताची पार्श्वभूमी लागत नाही असं सांगितलं जातं. भारतातून ते वाचणाऱ्याने आधी इंग्लंडची शाळा समजून घ्यायला हवी. सोळाव्या वर्षी जीसीएसई झाली, की पुढची दोन वर्षं ए लेव्हलसाठी बहुतेक मुलं जेमतेम तीन विषय घेतात. गणित पास असेल तर त्याला तिथेच रामराम ठोकता येतो. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी जानेवारी २०२३ मध्ये अठराव्या वर्षापर्यंत सगळ्यांना कुठलं ना कुठलं गणित शिकवण्याचा मनोदय जाहीर केला होता. २०२४ मध्ये त्यांचं सरकारच गेलं आणि ते राहून गेलं. म्हणून ‘गणित नको’ म्हणजे ए लेव्हलचं गणित नको, एवढंच. दहावीच्या तोडीचं बीजगणित आणि संभाव्यता येते, हे गृहीतच धरलेलं असतं. काही नामांकित विभाग तर ए लेव्हलचं गणित किंवा पदवीत आकडेमोडीचा विषय मागतातच.

या हिशेबाने, दहावीनंतर आर्ट्सला गेलेली लातूरची मुलगी आणि ए लेव्हलला इंग्रजी-इतिहास घेतलेली लीड्सची मुलगी जवळजवळ एकाच पायरीवर आहेत. आपल्याकडे एमसीएला बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट वर्षानुवर्षं होती, त्यामुळे लातूरच्या मुलीला इथलं दार जास्तच उघडं वाटतं.

आत गेल्यावर भेटणारं गणित बारावी सायन्सच्या गणितापेक्षा निराळं असतं. इंटिग्रेशनची पानंच्या पानं इथे फारशी सोडवावी लागत नाहीत. संच, तर्काची सत्यता-सारणी, ग्राफ, इंडक्शनने दिलेली सिद्धता असा सारा डिस्क्रीट मॅथ्सचा मामला. यादी दुप्पट झाली तर प्रोग्रॅमला लागणारा वेळ दुप्पट होईल की चौपट, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. इथे पाठांतर उपयोगी पडत नाही, पण बारावीचं गणित नाही म्हणून अडतंही नाही. विद्यार्थी थकतात ते अभ्यासक्रमाच्या वेगामुळे. सप्टेंबरमध्ये ज्याने पायथॉन किंवा जावाची पहिली ओळ लिहिली, तो नाताळच्या आधी डेटा स्ट्रक्चर्समध्ये गळ्यापर्यंत बुडालेला असतो आणि उन्हाळ्यात प्रकल्प व प्रबंध. प्रवेशाआधीच प्रोग्रॅमिंगला हात घातलेला बरा.

एआय आणि डेटा सायन्सचं मात्र वेगळं. तिथे मॅट्रिक्स, कलन आणि संख्याशास्त्र यांच्यापासून सुटका नाही. ब्रिटिश सरकारने २०१९ मध्ये याच दोन विषयांच्या कन्व्हर्जन अभ्यासक्रमांसाठी १ कोटी ३५ लाख पौंड जाहीर केले होते, अडीच हजार जागा आणि दहा हजार पौंडांच्या एक हजार शिष्यवृत्त्यांसह. सरकारी पाठबळ पाहून गणित न झालेला विद्यार्थी तिकडे ओढला जातो आणि तिथेच त्याची दमछाक होते.

बाहेरच्यांना या क्षेत्रात घेण्याची रीत इथे जुनी आहे. केंब्रिजने १९५३ मध्ये सुरू केलेला कम्प्युटिंगचा डिप्लोमाही पदवीनंतर एका वर्षाचाच होता; फक्त तो गणितींना नजरेसमोर ठेवून आखलेला, नावातच ‘न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस’. त्याच सुमाराला ‘लायन्स’ या चहाची दुकानं चालवणाऱ्या कंपनीने कार्यालयीन कामासाठी ‘लिओ’ हा स्वतःचा कम्प्युटर बांधला आणि आपल्याच नोकरवर्गातून चाचणी घेऊन प्रोग्रॅमर निवडले. त्यात मेरी कूम्ब्स होत्या. त्यांची पदवी फ्रेंचची. पगारपत्रकांचे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले, आणि व्यापारी कामासाठी प्रोग्रॅम लिहिणारी पहिली स्त्री म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं.

परदेशी विद्यार्थ्याला गणितापेक्षा व्हिसाचा हिशेब कठीण पडतो. एमएस्सीनंतर इथे नोकरी शोधायला सध्या दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळतील. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड. नवख्यांना त्यात सवलत आहे, पण तीही ठरावीक काळापुरती. जानेवारी २०२४ पासून या अभ्यासक्रमाला येणाऱ्यांना जोडीदार-मुलांना सोबत आणता येत नाही. बाथ आणि यॉर्क हाच अभ्यासक्रम ऑनलाइनही चालवतात. नोकरी सांभाळून तो पुण्यात बसून पुरा करता येतो, फक्त त्यावर ब्रिटनचा व्हिसा मिळत नाही.