एकाच मक्याची दोन घड्याळं

उत्तर जर्मनीतला दूध उत्पादक शेतकरी मक्याचं बियाणं घेताना वाणाच्या नावापुढचे दोन आकडे आधी पाहतो. उदाहरणार्थ, 'एस २३०, के २२०'. पहिला आकडा मुरघासाच्या पक्वतेचा, दुसरा दाण्याच्या. आकडा जितका लहान, तितका वाण लवकर येणारा. २२०पर्यंतचे वाण तिथे 'लवकर' गटात मोडतात, २३० ते २५० हे 'मध्यम लवकर' गटात. दहाचा फरक म्हणजे पक्वतेत साधारण एक-दोन दिवसांचा फरक.

एकाच पिकाला दोन आकडे लागतात, कारण दाण्याचं घड्याळ वेगळं आणि ताटाचं वेगळं. काही संकरित वाणांत कणीस पिकलं तरी पानं हिरवीगार असतात. काहींत दाणा आणि पान बरोबरच वाळत जातं. मुरघासासाठी अख्खं ताट कापलं जातं, म्हणून तिथे दोघांचा मेळ महत्त्वाचा. धान्यासाठी प्रश्न फक्त कणसाचा.

मक्याला ही घाई मुळातली नाही. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत माणसाळलेलं हे उष्ण प्रदेशातलं गवत. दिवस लांबला की त्याचा तुरा लांबणीवर पडतो. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात तर सोळा-सोळा तास उजेड. ही अडचण उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत सोडवली. कॅनडाच्या गास्पे द्वीपकल्पातला 'गास्पे फ्लिंट' हा त्याच परंपरेतला मका. तो कमी उंचीचा, मोजक्या पानांचा आणि अतिशय लवकर तुऱ्यावर येणारा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या लवकरपणाचा एक धागा शोधला. फुलोरा ठरवणाऱ्या एका जनुकापासून सुमारे ७०,००० अक्षरं दूर असलेला डीएनएचा एक तुकडा त्या जनुकाचं काम नियंत्रित करतो, आणि लवकर येणाऱ्या मक्यात या तुकड्यात बाहेरून येऊन बसलेला एक छोटा घटक सापडतो.

युरोपात हे कोडं सुटलं ते संकरातून. फ्रान्सच्या 'इन्रा' या कृषी संशोधन संस्थेत आंद्रे कोदराँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या लाकोन या स्थानिक 'फ्लिंट' मक्यापासून शुद्ध वाण तयार केले आणि त्यांचा अमेरिकन 'डेंट' मक्याशी संकर केला. स्थानिक फ्लिंटने थंडीतली उगवण आणि लवकरपणा दिला, डेंटने उत्पादन. १९५८च्या 'इन्रा २५८'सारख्या संकरित वाणांनी मका फ्रान्सच्या उत्तर भागात पोचवला.

पण लवकरपणाची किंमत मोजावी लागते. लवकर येणारा मका कमी पानांवरच तुरा काढतो. पानं कमी म्हणजे ऊन पकडणारं क्षेत्र कमी आणि चाराही कमी. याउलट उशिराचा वाण उंच, डौलदार वाढतो. मात्र सप्टेंबरअखेर थंडी पडेपर्यंत त्याचा दाणा चिकातच राहिला, तर मुरघासाच्या खड्ड्यात पाणीच जास्त जातं आणि स्टार्च कमी.

मुरघासासाठी अख्ख्या ताटात ३२ ते ३५ टक्के शुष्क पदार्थ असावा, असं मानलं जातं. तो ३०च्या खूप खाली असला तर रस गळून पोषक द्रव्यं वाहून जातात. ४०च्या वर गेला तर कुट्टी नीट दाबली जात नाही, आत हवा अडकते, बुरशी धरते आणि ढीग तापतो. या दोन टोकांमधले दिवस मोजकेच. वाण असा हवा, की ते दिवस थंडीच्या आधी यावेत.

तोच मका धान्यासाठी ठेवायचा तर कसोटी आणखी कडक होते. दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसतो तेव्हा दाणा भरणं संपलेलं असतं, पण आत अजून ३० टक्क्यांच्या वर ओलावा असू शकतो. साठवणुकीसाठी तो १४-१५ टक्क्यांवर आणावा लागतो आणि ओल्या शरद ऋतूत हे काम इंधन जाळून करावं लागतं. शिवाय ताट तोवर न लोळता उभं राहायला हवं. चाऱ्याची टंचाई असेल तर कापायचा, नसेल तर कणसं पिकू द्यायची, असा निर्णय सप्टेंबरपर्यंत मोकळा ठेवणाऱ्या शेतकऱ्याला म्हणूनच दाण्याचा आकडा लहान असलेला, मजबूत बुंध्याचा वाण परवडतो.

बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेले पक्वतेचे 'दिवस' मात्र सगळीकडे सारखे नसतात, कारण मका उष्णता मोजतो. कमाल २४ आणि किमान १२ अंश असलेल्या जर्मन दिवसाची सरासरी १८. त्यातून १० अंशांचा पाया वजा केला की आठ एकक उरतात. कमाल ३० आणि किमान २२ अंशांच्या महाराष्ट्रातल्या खरीप दिवसात हाच हिशेब सोळा एकक देतो. आपल्याकडे मुरघासाच्या मक्याला उष्णता कमी पडत नाही. लवकर येणारा वाण इथे निवडला जातो तो पाऊस आणि ओल संपण्याआधी पीक हाती यावं आणि रब्बीसाठी रान मोकळं व्हावं म्हणून. जर्मनीतला २२०चा वाण इथे लावला, तर त्याला लागणारी उष्णता निम्म्या दिवसांत भरेल आणि ताट वाढायच्या आतच तुरा बाहेर पडेल.