पोवळ्याला उजेड किती लागतो?

आपल्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर पोवळं ओवतात. ते झाड नाही आणि दगडही नाही, समुद्रातल्या बारीक जिवांनी बांधलेला सांगाडा आहे. या जिवाला पुस्तकात प्रवाळ म्हणतात. आज त्याच्याबद्दल बोलायचं, कारण तो आमच्या गटाच्या मीटिंगमध्ये कर्जाच्या अर्जातून आला.

आमच्या गटातली एक जण वैरागमध्येच घराच्या पुढच्या खोलीत रंगीत मासे विकते. गप्पी, मोली, गोल्डफिश, सगळे गोड्या पाण्यातले. बार्शीच्या एका गिऱ्हाइकानं तिच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी मागितली, तीही जिवंत प्रवाळासकट. शहरातल्या एका दुकानदारानं नुसत्या दिव्याचे पस्तीस हजार सांगितले, वर म्हणाला, जेवढा लख्ख दिवा तेवढं प्रवाळ चांगलं. तिनं गटाकडे कर्ज मागितलं. पैसे सगळ्यांच्या बचतीचे, म्हणून आम्ही आधी माहिती काढली.

उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. जागा प्रवाळाची, राबणारं शेवाळ. बटईच म्हणा ना! टाकीवरचा दिवा असतो तो या शेवाळासाठी, आपल्या डोळ्यांसाठी नव्हे. मंगळसूत्रातल्या तांबड्या पोवळ्याचं मात्र वेगळं आहे. ते भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत वाढतं. त्याच्या अंगात हे शेवाळ नसतं. ते पाण्यातले बारीक जीव धरून खातं, त्याला दिवा लागतच नाही.

दिव्याच्या खोक्यावर वॅट आणि लुमेन लिहिलेलं असतं. वॅट म्हणजे वीज किती खाणार, लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटणार. शेवाळाच्या कामाचा उजेड मोजायचं माप निराळं, त्याला ‘पार’ म्हणतात. उन्हाळ्यात भर दुपारी आपल्या रानात तो साधारण २००० भरतो. मशरूम प्रवाळासारखे मऊ, कमी उजेडातले प्रकार ५० ते १०० वर सुखात असतात. त्यांच्यावर प्रखर दिवा मारला तर ते आक्रसतात, अंगातलं शेवाळ टाकून देतात आणि पांढरे पडतात. शेवाळ गेलं की उपासमार. म्हणजे दुकानदाराचा सल्ला नेमका उलटा होता.

रंगाचंही तसंच. समुद्राच्या पाण्यात तांबडा उजेड वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोल जातो. म्हणून अशा प्रवाळाला निळसर पांढरा एलईडी लावतात, रोज आठ-दहा तास, टायमरवर. सुरुवात मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात. दिवा जास्त वाटला तर नवा घ्यायला नको, वर टांगला तरी भागतं.

पण दिवा सुटला तरी उन्हाळा राहतोच. प्रवाळाला २५ ते २७ अंशांचं पाणी मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे. पाणी गार ठेवायचं यंत्र आणायचं, आणि दुपारी लाईट गेली की?

शिवाय कायदा. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या यादीत घातलं. समुद्रातून ते काढणं, विकणं हा गुन्हा आहे. आपल्या राज्यात मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात तिथलं पाणी गढूळ होतं, उजेड खाली पोचत नाही, तरी काही जाती तग धरून आहेत. त्यातला तुकडा कुणी बाटलीत घालून विकायला आणला तर घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो.

मग मीटिंगमध्ये ठरलं ते असं. टाकी खाऱ्या पाण्याचीच, पण प्रवाळ नकली. मासे हौदात पैदास केलेले विदूषक मासे, ज्यांना क्लाऊनफिश म्हणतात. माशाला अन्नासाठी उजेड लागत नाही, तेव्हा साधी पांढरी एलईडी पट्टी पुरे. मात्र मिठाचे शिंतोडे दिव्यावर बसतात आणि गंज धरतो, म्हणून मध्ये काचेचं झाकण हवं. वायर बोर्डाच्या खाली लोंबती ठेवायची, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथंच टपकतं, प्लगात जात नाही. आणि टाकीतलं पाणी आटलं की गोडं पाणी घालायचं, कारण मीठ उडून जात नाही. हे आमच्यापैकी एकीलाही आधी सुचलं नव्हतं!

कर्ज मंजूर झालं, बारा हजारांचं. गिऱ्हाइकानं अजून होकार दिलेला नाही. त्याला जिवंत प्रवाळच हवं आहे. आमची मैत्रीण म्हणते, अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघू, नाहीतर त्या टाकीत गोल्डफिश सोडू.