एका चाचणीचे उष्टे दुसरीला नको!

रेल्वेचे आरक्षण असो वा बँकेचे व्यवहार, त्यामागे असंख्य सर्व्हर अहोरात्र राबत असतात. त्यांवर कोणते सॉफ्टवेअर असावे, कोणती दारे बंद ठेवावीत, याची मांडणी एकेकाळी अभियंते हाताने करीत. २००५ साली ल्यूक केनीज यांची ‘पपेट’ ही प्रणाली आली. पुढे ‘शेफ’, ‘टेराफॉर्म’ आदी साधनेही आली आणि ही मांडणी आज्ञावलीच्या रूपात लिहिण्याची पद्धत रूढ झाली. सोय झाली, तशी जोखीमही वाढली. कारण आज्ञावलीतील एक चूक एकाच वेळी शेकडो यंत्रांवर पोहोचते. म्हणूनच ती लागू करण्यापूर्वी तिच्या लहान लहान भागांची चाचणी, अर्थात ‘युनिट टेस्ट’, घेतली जाते.

‘पपेट’मध्ये आज्ञावली वेगळी आणि तिला लागणारी माहिती ‘हायरा’ या कोठारात वेगळी ठेवता येते. चाचणीसाठी अशाच माहितीचा नमुना तयार करतात. सगळ्या चाचण्यांनी एकच नमुना वापरला, की घोटाळा सुरू होतो. समजा, पहिल्या चाचणीसाठी नमुन्यात ‘फायरवॉल सुरू’ अशी नोंद केली. दुसरी चाचणी नेमके हे तपासते, की नोंद नसतानाही फायरवॉल आपोआप सुरू होते का? पहिलीची नोंद तशीच राहिल्याने दुसरीही उत्तीर्ण होते. प्रत्यक्षात नोंद नसलेला सर्व्हर मात्र उघडा राहतो.

यावर उपाय एकच : प्रत्येक चाचणीला स्वतंत्र माहिती. ‘आरस्पेक-पपेट’मध्ये चाचण्यांच्या प्रत्येक गटाला वेगळे ‘हायरा’ आणि सर्व्हरचे वेगळे तपशील देता येतात. तात्पुरत्या फाइली चाचणीपूर्वी नव्याने बनवाव्यात आणि नंतर पुसून टाकाव्यात. केंट बेक व एरिक गामा यांच्या ‘जेयुनिट’नेही प्रत्येक चाचणीसाठी नवी वस्तू निर्माण करण्याचा हाच शिरस्ता पाळला आहे.

चाचण्या परस्परांवर अवलंबून आहेत का, हे ओळखण्याचा मार्गही सोपा आहे. ‘आरस्पेक’मध्ये चाचण्यांचा क्रम यादृच्छिक ठेवता येतो. क्रम बदलताच निकाल बदलला, तर कुठेतरी माहिती झिरपते आहे असे समजावे. त्या क्रमाचा बीजांक वापरून तोच क्रम पुन्हा चालवता येतो आणि दोषाचा माग काढता येतो.

स्वतंत्र नमुन्यांमुळे लिखाण थोडे वाढते, वेळही थोडा अधिक लागतो. परंतु खोट्या ‘उत्तीर्ण’ शेऱ्यावर विसंबण्यापेक्षा हा खर्च नक्कीच परवडणारा आहे.