काटा, ठणका आणि अवधाण

पाथरीच्या शिवारात कापूस वेचताना टाचेत बाभळीचा काटा मोडला, तर पहिल्या दिवशी कुणी त्याकडे बघत नाही. दुसऱ्या दिवशी टाच लाल होते, तापते. रात्री ठणका झोपू देत नाही. मग घरातलं जाणतं माणूस दाबून बघतं आणि म्हणतं, ‘पू धरलाय.’

काट्यासोबत मातीतले जंतू आत गेलेले असतात. जखमेजवळच्या पेशी रसायनांचा सांगावा धाडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. टाच तापते ती त्यामुळेच. रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे वाहिनीच्या भिंतीला चिकटत, घरंगळत थांबतात आणि अंग चोरून फटीतून बाहेर पडतात. सगळ्यांत आधी पोचतात न्यूट्रोफिल. जंतूला वेढून गिळायचं, आतल्या आत विरघळवायचं आणि तिथेच मरायचं, हे त्यांचं काम. रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून अस्थिमज्जा रोज सुमारे शंभर अब्ज नव्या घडवते. पू म्हणजे बहुतांशी याच मेलेल्या पेशी. त्याला नुसती घाण म्हणणं मला कधीच पटलं नाही.

पेशी अशा धावून जातात हे गूढ उकललं तेही काट्यामुळेच. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! त्यांचेच शिष्य वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत प्लेगशी झुंजले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली.

पाय पिकला की जांघेत दुखरी गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. तिथल्या लसिका ग्रंथीत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूची ओळख पटवून झपाट्याने वाढतात, म्हणून ती फुगते. प्लेगची गाठही याच ग्रंथींत उठायची. फरक एवढाच, की प्लेगचा जंतू गिळायला आलेल्या पेशीलाच सुईसारख्या नळीतून प्रथिनं टोचून लुळं करतो.

टाचेपासून वर तांबडी रेघ चढू लागली किंवा हुडहुडी भरली, तर पोटीस बांधून बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. साखरेचा आजार असेल तर रेघेचीही वाट पाहू नका. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात आणि बधिर पायाला ठणकाही कळत नाही.