अमेरिकेतील नोकरी आणि ‘आय-९’चे दुहेरी बंधन

अमेरिकेतील कंपनी नवा कर्मचारी नेमते, तेव्हा नियुक्तीपत्राइतकाच महत्त्वाचा असतो तो ‘आय-९’ हा अर्ज. नेमलेल्या व्यक्तीला त्या देशात काम करण्याची कायदेशीर मुभा आहे की नाही, हे पडताळण्याची जबाबदारी या अर्जाद्वारे सरकारने मालकावर टाकली आहे. पुण्या-मुंबईहून तेथे जाणाऱ्या तरुणांना नोकरीच्या प्रारंभीच त्याला सामोरे जावे लागते. मालकाने काय तपासावे, याबरोबरच त्याने काय मागू नये, हेही कायद्यात नमूद आहे. ही दुसरी बाजू मात्र फारशी परिचित नाही.

तीन दिवसांची मुदत

अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थलांतरविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली आणि ही पद्धत सुरू झाली. अमेरिकी नागरिकांनाही हा अर्ज भरावा लागतो. पहिला भाग कर्मचाऱ्याने रुजू होण्याच्या दिवसापर्यंत भरायचा, तर दुसरा भाग मालकाने मूळ कागदपत्रे तपासून त्यानंतरच्या तीन कामकाजी दिवसांत पूर्ण करायचा, असा नियम आहे. अमेरिकी पासपोर्ट, ग्रीन कार्ड वा रोजगार परवान्याचे कार्ड यांपैकी एकच कागद पुरेसा ठरतो. एच-१बी व्हिसाधारकाला आपला पासपोर्ट आणि ‘आय-९४’ ही प्रवेशनोंद दाखवता येते. अन्यथा ओळखीसाठी वाहन परवाना आणि कामाच्या मुभेसाठी निर्बंधाचा शेरा नसलेले सोशल सिक्युरिटी कार्ड, अशी जोडीही चालते.

जादा तपासणीही बेकायदा

मान्य यादीतील कोणते कागद दाखवायचे, हे ठरविण्याचा अधिकार कर्मचाऱ्याचा आहे. नागरिकत्व वा मूळ देश पाहून ‘ग्रीन कार्डच आणा’ असा आग्रह धरणे किंवा खरे दिसणारे कागद नाकारणे हा भेदभाव ठरतो. त्याविरुद्ध अमेरिकी न्याय खात्याच्या संबंधित विभागाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते.

‘ई-व्हेरिफाय’ या संगणकीय पडताळणीलाही हेच तत्त्व लागू आहे. बहुतेक कंपन्यांना ती ऐच्छिक असली, तरी काही राज्यांत आणि अनेक सरकारी कंत्राटदारांना बंधनकारक आहे. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांच्या परदेशी पदवीधरांना शिक्षणोत्तर कामासाठी २४ महिन्यांची वाढ हवी असेल, तर त्यांची कंपनी या यंत्रणेत नोंदलेली असावी लागते. यंत्रणेत नोंद जुळली नाही, तर कर्मचाऱ्याला हरकत घेता येते. त्यासाठी आठ सरकारी कामकाजी दिवसांत संबंधित खात्याशी संपर्क साधावा लागतो. निर्णय होईपर्यंत त्या कारणावरून त्याला कामावरून काढता येत नाही.

कागदाची चूकही महाग

अर्ज सरकारकडे पाठवायचा नसतो, तो कंपनीने जपून ठेवायचा असतो. नेमणुकीपासून तीन वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून एक वर्ष, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत. तपासणीची नोटीस आल्यावर किमान तीन कामकाजी दिवस मिळतात. ‘अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच’ या वस्त्रविक्री कंपनीने २०१० मध्ये दहा लाख डॉलरहून अधिक दंड भरला. तिने जाणूनबुजून बेकायदा कामगार ठेवल्याचे आढळले नव्हते. त्रुटी होत्या त्या अर्जांच्या नोंदीत. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसने २०१३ मध्ये ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली, त्यातही ‘आय-९’च्या नोंदींचा मुद्दा होता. व्हिसाच्या गैरवापराचा आरोप मात्र कंपनीने फेटाळला होता.

एकाच घरात दोन नियम

कामाच्या परवानगीला मुदत असेल, तर ती संपण्यापूर्वी मालकाने फेरपडताळणी करणे आवश्यक असते. ग्रीन कार्डधारकाच्या बाबतीत मात्र केवळ कार्डाची मुदत संपली म्हणून अशी फेरपडताळणी करता येत नाही.

खरी अडचण रोजगार परवान्याच्या कार्डावर अवलंबून असणाऱ्यांची आहे. एच-१बीधारकांच्या काही जोडीदारांना २०१५ पासून हे कार्ड मिळू लागले. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केल्यास अनेक वर्गांतील अर्जदारांना ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी ही सवलत बहुतांशी बंद करण्यात आली. परिणामी, त्याच कंपनीत मुदतवाढीचा अर्ज वेळेत दाखल असलेल्या एच-१बीधारक पतीला २४० दिवसांपर्यंत काम सुरू ठेवता येते. पत्नीचे नवे कार्ड वेळेत आले नाही, तर तिला मात्र त्याच दिवशी काम थांबवावे लागते. येथे कंपनीलाही पर्याय उरत नाही. परवानगी संपल्याचे माहीत असूनही काम करू देणे, हाच तिचा गुन्हा ठरतो.

नूतनीकरणाचा अर्ज साधारणपणे मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. त्यामुळे कार्डावरील अंतिम तारखेऐवजी त्याआधीच्या सहा महिन्यांची नोंद दिनदर्शिकेत करून ठेवणे हिताचे.